ऑपरेटरची चूक

गाडी बगिच्याच्या कठड्यात नाक खुपसून उभी होती. पुढचा बंपर दोन तुकडे होऊन गवतात पडला होता. शेजारच्या क्वार्टरच्या पायरीवर कौसल्यावहिनी उजवं मनगट डाव्या हाताने उचलून धरून बसल्या होत्या, आणि त्यांचा मुलगा नरेश मला विचारत होता, "अंकल, ब्रेक तो आपने ही बनाए थे ना? ठीक होते?"

"ब्रेक एकदम ओके होते," मी म्हणालो. "पाय घसरला असेल. या गाडीत पेडल जवळजवळ असतात."

त्या सकाळी तोवर मी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. गाडीचे मालक, वहिनींचे यजमान सुखदेव भोयर ड्रायव्हरच्या दाराला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या पायातल्या कॅनव्हासच्या बुटाकडे पाहिलं.

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या चटकन कसं निघालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी इथे भिलाईच्या पोलादाच्या प्लँटमध्ये चौतीस वर्षं हायड्रॉलिक्स मेंटेनन्समध्ये होतो. हायड्रॉलिक्स म्हणजे तेलाच्या दाबाने जड वस्तू हलवायची विद्या. रिटायर होताना सीनियर मॅनेजर होतो. आता वैशाली नगरला घरामागे टिनाचं शेड टाकलं आहे. तिथे जेसीबीचे सिलिंडर, ट्रॅक्टरच्या लिफ्ट, जॅक असली कामं करतो. घरात बसलो तर बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतो, म्हणून तिनेच शेड टाकायला लावलं.

प्लँटमध्ये रोज सकाळी मीटिंग असते. आदल्या दिवशी काम जितकी मिनिटं थांबलं त्याला डिले म्हणतात, आणि प्रत्येक डिले कुणाच्या तरी नावावर लागतो. मशीन बिघडली असेल तर मेंटेनन्सच्या, चालवणाऱ्याचं चुकलं असेल तर ऑपरेशनच्या. मी नवा असताना माझ्या बॉसनी मला एकदा बाजूला घेतलं होतं. "वैरागडे, पहले बोल दिया करो. जो पहले बोलता है उसका डिले नहीं लगता." मी शिकलो. सरळ सरळ खोटं बोलायचो असं नाही. पण जिथे दोन्ही बाजूंनी बोलायला जागा असे तिथे मी आधी बोलायचो, आणि "ऑपरेटरची चूक" हे दोन शब्द माझ्या जिभेच्या टोकावर तयार असायचे. त्या सकाळी कठड्यापाशी नरेशने विचारलं आणि तेच बाहेर पडलं.

भोयर ऑपरेटरच होते. मेल्टिंग शॉपमध्ये वितळलेल्या पोलादाने भरलेला लॅडल असतो, म्हणजे खोलीएवढी बादली. तो उचलून नेणारी क्रेन त्यांनी एकतीस वर्षं चालवली. साकोलीकडचं धान पिकवणारं घर. वडील इथे प्लँट उभा राहताना मजुरीला आले आणि राहिले. भोयर क्रेनवर असले की खालची माणसं मान वर करून पाहत नसत, एवढा भरवसा. क्रेनचा एक ब्रेक पायाने दाबायचा असतो आणि त्याची देखभाल आमच्या सेक्शनकडे होती. वर्षातून दोन-तीनदा त्यांचा फोन यायचा, "साहेब, पेडल अर्धा इंच खाली गेलं." आम्ही कुरकुरत साठ फूट वर चढायचो. दर वेळी काही ना काही सापडायचं.

रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात, गावी शेती घेतात. भोयरांनी स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, विदेशी, दोन दारांची, कापडी छत मागे दुमडणारी, क्रेनसारखीच पिवळीधमक. रायपूरच्या एका शौकिनाची हौस फिटली होती, त्याच्याकडून. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नव्हता. प्लँटच्या टाउनशिपमध्ये भोयर राहतात त्या सेक्टर १० मध्ये गाडी आली तेव्हा अर्धं सेक्टर पाहायला आलं. कौसल्यावहिनी म्हणाल्या, "दोन नातवंडं, बहू, पोरगा, आन् गाडीले दोनच शिटा! बुढ्यापनी काय थेर म्हनाव हे!" आणि आपण त्या गाडीत बसणार नाही असं त्यांनी जाहीर केलं.

मी भोयरांना विचारलं होतं, कशाला घेतली म्हणून. ते म्हणाले, "साहेब, एकतीस वर्षं वरून खाली पाह्यलं. आता जमिनीले टेकून बसाव वाटते."

जुनी स्पोर्ट्स कार घेणं सोपं असतं, पाळणं कठीण. तिचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. भोयरांच्या सेक्टरमधले स्पीडब्रेकर ती सरळ ओलांडू शकत नाही, एकेक चाक तिरपं चढवावं लागतं. क्वार्टरच्या गेटसाठी भोयरांनी लाकडी उतार करून घेतला. छताच्या कडेचं पाणी जायला दोन बारीक नळ्या असतात. त्यात कडुलिंबाचा पाला अडकला की पाणी सीटखाली साचतं. दर रविवारी ते सायकलच्या ब्रेकची तार घालून त्या नळ्या साफ करायचे. टायरचं माप भिलाईत मिळत नाही. कुठलाही पार्ट मागवा, दुकानदार तीन आठवडे म्हणणार.

आणि त्यांचं रजिस्टर. क्रेनवर शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर लॉगबुक लिहितो, की ब्रेक कसा, हॉर्न कसा, दोर कसा. भोयरांनी गाडीसाठी तसंच लांबट रजिस्टर ठेवलं होतं. गाडी काढण्याआधी टायर, ऑइल, ब्रेक, लाइट तपासून लिहायचे आणि खाली सही करायचे. शिफ्टचा चार्ज देणारे तेच, घेणारे तेच. मी त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे.

विश्वकर्मा पूजेच्या आठवडाभर आधी पुढच्या डाव्या चाकाच्या आतून ओल दिसायला लागली. भिलाईत पूजेचा दिवस दिवाळीपेक्षा कमी नसतो. मशीन धुऊन हार घालतात, हत्यारांना कुंकू लावतात, गल्लोगल्ली मंडप. भोयरांना गाडी मंडपाशेजारी उभी करायची होती. "पूजेच्या दिवशी मशीन बंद नसाव, साहेब," एवढंच ते म्हणाले. ऑपरेटर लोक हे फार मानतात.

ब्रेकचं काम असं असतं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल नळीतून चाकापर्यंत दाब नेतं. तिथे वाटीसारखा पिस्टन असतो. तो पॅड पुढे ढकलतो आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला आवळतात. पिस्टनभोवती एक रबरी रिंग असते, तिला सील म्हणतात. तिच्यामुळे ऑइल बाहेर येत नाही. ती गेली होती. कंपनीचं सील मागवलं तर पूजा निघून जाणार होती. मी व्हर्नियरने माप घेतलं आणि इंडस्ट्रियल एरियात लेथवर सील कापून देणाऱ्याकडे गेलो. त्याने मटेरियल विचारलं. मी म्हणालो, "नायट्राइल."

इथेच सगळं झालं. प्लँटमध्ये खनिज तेल वापरतात आणि त्यात नायट्राइल नावाचं रबर वर्षानुवर्षं टिकतं. चौतीस वर्षं मी दुसरं रबर मागितलेलं नाही. पण ब्रेक ऑइल हे खनिज तेल नसतं, ते वेगळंच रसायन आहे. त्यात नायट्राइल हळूहळू फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी दाब सोडतं. तिथे ईपीडीएम नावाचं रबर लागतं. दोन्ही काळी, हातात घेऊन फरक कळत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. नव्या ट्रेनींना फळ्यावर तक्ता काढून हे मीच शिकवत असे. पण त्या दिवशी डोक्याला विचारलंच नाही, जिभेने सवयीने सांगून टाकलं.

पूजा छान झाली. पिवळ्या गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर नारळ. लोकांनी गाडीसोबत फोटो काढले, तिच्या मागे उभं राहून मीही काढला. भोयरांनी मंडपात सगळ्यांना सांगितलं, "ब्रेक आमच्या साहेबांनी केला." मी नको नको म्हणत ऐकत राहिलो.

त्यानंतर पंधरवड्याने भोयर शेडमध्ये आले. मी जेसीबीचा सिलिंडर उघडून बसलो होतो.

"साहेब, पेडल जरा खाली जाऊन राह्यलं. एखांदा इंच."

मी हात पुसले, गाडीच्या दारातून वाकून पेडल हाताने दोनदा दाबलं. "नवीन सील आहे, भोयर. बसायला वेळ लागतो. ओके आहे."

"चाक काढून पाह्यता का?"

"तुम्ही क्रेन चालवा, मेंटेनन्स मला करू द्या."

ते हसले आणि गेले. मीही हसलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी कौसल्यावहिनी पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या. बाजारापर्यंतच जायचं होतं. कोपऱ्यावर एक सायकलवाला मध्ये आला, भोयरांनी ब्रेक दाबला, पेडल खाली गेलं. सायकलवाल्याला चुकवून त्यांनी गाडी कठड्यावर घातली. गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, म्हणून अर्धा तरी ब्रेक लागला. नाहीतर वहिनींच्या मनगटावर निभावलं नसतं.

दुपारी गाडी ओढून माझ्या शेडमध्ये आणली. मी डावं चाक काढलं. आतली बाजू ओलीचिंब. कॅलिपर, म्हणजे पिस्टनचं घर, उघडलं आणि सील बाहेर काढलं. रात्रभर भिजत घातलेल्या चण्यासारखं फुगलं होतं. नख लावलं तर नख आत गेलं. मी स्टुलावर बसलो. मग उठलो आणि शेडचं शटर खाली ओढलं. बाहेर कोणी नव्हतं, तरी ओढलं.

डॅशबोर्डच्या खणात भोयरांचं रजिस्टर होतं. मी शेवटचं पान उघडलं. माझ्याकडे आले त्या दिवशी लिहिलं होतं, "ब्रेक पेडल एक इंच खाली. वैरागडे साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले ओके." त्याखाली अपघाताच्या सकाळची नोंद होती. "ब्रेक पेडल दीड इंच खाली. साहेबांनी ओके म्हटले आहे." खाली ठसठशीत सही.

मी पान फाडलं नाही. एवढंच काय ते. रजिस्टर घरात नेऊन कपाटात जुन्या मॅन्युअलच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि सील एका डबीत टाकलं. त्याच संध्याकाळी कंपनीचं सील मागवलं. योग्य सील बसवलं की गाडी ठीक, मग सांगायची गरज काय, असं मी स्वतःला समजावलं. वहिनींचा हात तर काही सांगण्याने जुळणार नव्हता. असल्या समजुती काढण्यात मी हुशार आहे.

आठव्या दिवशी मी सेक्टर १० ला वहिनींची तब्येत विचारायला गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं. भोयर व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. पायापाशी दोन विटा. उजवा पाय एकदा या विटेवर, एकदा त्या विटेवर.

"हे काय करून राहिले भोयर?"

त्यांनी डोळे उघडले. "पाय तपासून राह्यलो, साहेब. ही ब्रेक, ही रेस. दहातून दहा डाव बरोबर पडते. मंग त्या दिवशी कावून चुकला?"

मी खुर्ची ओढून बसलो. वहिनींनी प्लॅस्टरचा हात सांभाळत चहा आणला. भोयर सांगत होते. शुगर तपासली, डोळे तपासले, नसांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. "डॉक्टर म्हन्ते पाय चांगला आहे. पन डॉक्टर काई गाडीत नव्हता." मग थोडं थांबून म्हणाले, "मले अजून बी वाटते, मी ब्रेकच दाबला होता. पेडल खाली गेलं, तळपायाले लागलं ते. पन तुमी म्हन्ता त घसरला असन. तुमाले जास्त समजते."

या माणसाने एकतीस वर्षं पायाच्या तळव्याने अर्ध्या इंचाचा फरक ओळखला होता. माझ्या एका वाक्यावर त्याने स्वतःच्या पायावरचा विश्वास सोडला होता. मी चहा प्यालो. चहा छान झालाय, असंही वहिनींना म्हणालो.

"रजिस्टर गाडीतच राह्यलं का, साहेब?" निघताना त्यांनी विचारलं.

"पाहतो," मी म्हणालो.

वहिनी गेटपर्यंत सोडायला आल्या. "नरेश यायच्या स्कूटरची चाबी घेऊन गेला," त्या हळूच म्हणाल्या. "आता हे सायकल बी काढत नाहीत. दूध आनाले पायी जातात, आन् रस्ता ओलांडाले मले सोबत नेतात." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि मी पळालोच म्हणायचं. माझी स्कूटर सुरू केली आणि निघालो.

नवीन सील नवव्या दिवशी आलं. पहिल्यांदाही मागवलं असतं तर कदाचित नऊ दिवसांतच आलं असतं, पूजा फक्त दोन दिवसांनी चुकली असती. मी ते बसवलं, सगळी लाइन धुतली, नवीन ऑइल भरलं. पेडल वरच्या वर कडक लागायला लागलं.

अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, नरेश शेडमध्ये आला. तो दुर्गला पद्मनाभपुरात राहतो, एका खासगी कंपनीत आहे. चांगला मुलगा आहे, आईबापाची काळजी करतो. "अंकल, गाडी विकून टाकतो. उद्या रायपूरहून पार्टी येणार. बाबा आपकी ही सुनते हैं, तुम्हीच त्यांना सांगा, की अब इस उमर में ड्रायव्हिंग नको."

"बरं, बोलतो," मी म्हणालो.

तेवढ्यात पार्टीचाच फोन आला. गाडी ठोकली कशी, हे त्यांना विचारायचं होतं. नरेश सांगायला लागला, "गाड़ी में कोई फॉल्ट नहीं था जी. चलाने वाले की गलती थी. पापा की उमर हो गई है." मग त्याने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. "अंकल, आप बोल दीजिए. आप तो इंजिनियर हैं."

माझ्या हातात पाना होता. मी म्हणालो, "गाड़ी में अभी कोई फॉल्ट नहीं है."

अभी. हा शब्द मी नेमका निवडला होता. उद्या कोणी विचारलं तर मी खोटं बोललो नाही, असं म्हणता यावं म्हणून. मीटिंगमध्ये असे शब्द सापडले की मला स्वतःचं कौतुक वाटायचं. त्या दिवशी नरेशने समाधानाने फोन खिशात टाकला, मला "थँक यू अंकल" म्हणाला, आणि मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही. तो गेल्यावर मी कपाटातून रजिस्टर काढलं, डबी खिशात टाकली आणि सेक्टर १० ला गेलो. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

भोयर व्हरांड्यातच होते. विटाही होत्या. मी फुगलेली रिंग कठड्यावर ठेवली.

"हे कायचं, साहेब?"

"डाव्या चाकाचं सील. मी बसवलेलं. रबर चुकीचं होतं, म्हणून पेडल खाली गेलं. तुमचा पाय घसरला नव्हता."

त्यांनी रिंग उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली. मी रजिस्टर पुढे केलं. ते त्यांनी घेतलं, पान उघडलं, आणि स्वतःच लिहिलेल्या ओळीवरून बोट फिरवत हळूहळू वाचलं.

"म्हंजे मी बरोबर लिवलं होतं."

"हो."

"तुमाले कवा समजलं?"

हा प्रश्न ते विचारतील असं मला वाटलं नव्हतं. "त्याच दिवशी," मी म्हणालो. "दुपारी."

त्यांनी बोटांवर मोजलं. मग पायाने दोन्ही विटा एकेक करून बाजूला सरकवल्या. "तुमी इथं बसून चहा पेले, साहेब. मी तुमच्यासमोर पाय मारून राह्यलो होतो."

मी माफ करा म्हणालो. ते ऐकल्यासारखं त्यांनी केलं नाही.

"मले कावून सांगता? माह्या पायाले त माहीतच होतं. पोराले सांगा. त्याच्यासमोर म्हनलं होतं तुमी." आणि त्यांनीच नरेशला फोन लावला, घरी ये म्हणून.

नरेश अर्ध्या तासात आला. तोवर आम्ही दोघं व्हरांड्यात बसून होतो. वहिनींनी चहाचं विचारलं. भोयरांनी नको म्हटलं, दोघांच्याही वतीने.

मी उभं राहून सांगितलं. नायट्राइल, चाक न काढता दिलेलं ओके, त्या सकाळचं वाक्य, लपवलेलं रजिस्टर, आणि सकाळचा "अभी". काही वगळलं नाही. नरेश आधी समजूनच घेईना. मग त्याचा चेहरा लाल झाला. "अंकल, आई का हाथ टूटा है! मैंने बाबा से चाबी छीनी! आपने मेरे सामने..." पुढे त्याला शब्द सुचेनात. बरं झालं असतं सुचले असते तर.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे माहा हात वैरागडे साहेबानं मोडला. आन् मी अकरा दिवस यायले शिव्या देऊन राह्यली." मग नरेशकडे वळून डावा हात पुढे केला. "चाबी दे. स्कूटरची दे पह्यले."

नरेशने चावी दिली. वहिनींनी ती भोयरांच्या मांडीवर ठेवली. भोयरांनी मुठीत धरली आणि मान खाली घातली. रडले का ते मी पाहिलं नाही, मी रस्त्याकडे पाहत होतो.

निघताना भोयरांनी मला थांबवलं. रजिस्टर उघडून पेन दिला. "लिहा."

त्यांच्या सहीखाली मी लिहिलं, "सील चुकीचे बसवले. तक्रार आल्यावर चाक काढून पाहिले नाही. मेंटेनन्सची चूक." सही केली. त्यांनी वाचलं.

"तारीख टाका."

मी त्या दिवसाची तारीख टाकायला लागलो तर ते म्हणाले, "आजची नाई. ज्या दिवशी समजलं, त्या दिवशीची."

मी तीच टाकली.

रायपूरच्या पार्टीला नरेशने त्याच संध्याकाळी नाही कळवलं. बंपर मी जोडून, रंगवून दिला. पिवळा रंग मात्र हुबेहूब जमला नाही, उन्हात फरक दिसतो. वहिनींचं प्लॅस्टर निघालं, पण पोळ्या लाटताना मनगट अजून दुखतं. त्या मला भेटल्या की हे आवर्जून सांगतात, आणि मी ऐकून घेतो.

दोन महिने भोयर शेडकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी पिवळी गाडी दारात उभी राहिली. ऑइल बदलायचं होतं. आता ते मला साहेब म्हणत नाहीत, वैरागडेजी म्हणतात. भिलाईत जी सगळ्यांनाच लावतात. मी ऑइल बदललं, ब्रेकही तपासला, ओके म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि टॉर्च माझ्या हातात दिला. वय वर्षं त्रेसष्ट, गुडघे दुखतात, तरी ते सिमेंटवर आडवे झाले आणि चाकाच्या आतली बाजू बोट फिरवून कोरडी आहे का पाहिलं. मी टॉर्च धरून उभा होतो. आता दर वेळी असंच होतं.

आता सील घेताना कोणत्या तेलात बसणार आहे ते आधी कागदावर लिहितो, मग दुकानात जातो. आणि ऑपरेटर म्हणाला पेडल खाली जातंय, की मी चाक काढतो. एवढं शिकायला मला चौतीस वर्षं आणि वर अकरा दिवस लागले.

गेल्या रविवारी सगळं तपासून झाल्यावर भोयरांनी बॉनेटवर रजिस्टर ठेवून लिहिलं, "ब्रेक पेडल बरोबर. वैरागडेजी म्हणाले ओके. मी स्वतः पाहिले, ओके." मग पेन माझ्याकडे दिला. दोन्ही ओकेंच्या खाली मला सही करायला लावली. मी केली.